हत्याराची मूठ

कोणत्याही हत्याराला दोन टोंकें असतात. एक टोंक कामाकडे असतें, दुसरें माणसाकडे. नांगराचा फाळ जमिनींत शिरतो, पण त्याचें रुमणें शेतकऱ्याच्या मुठींत असतें. विळ्याचें पातें गवताकडे असतें आणि मूठ हाताकडे. कामाकडच्या टोंकाविषयीं ग्रंथ पुष्कळ आहेत. माणसाकडच्या टोंकाचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाहीं. कारण तें टोंक चांगलें घडलें असेल तर कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं, आणि वाईट घडलें असेल तर लोक वापरणाऱ्यालाच अडाणी ठरवून मोकळे होतात. हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर बटण कोठें असावें, अक्षर केवढें असावें, चुकलेला मनुष्य मागें कसा फिरावा, हें ठरविणाऱ्या मंडळींस इंटरफेस डिझायनर असें म्हणतात. नांव नवें आहे. काम जुनें आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या मुलखांत हें काम पूर्वीं कसें झालें, आणि तें करणारांस कोणाचा व कसला आधार मिळाला, हें पाहण्यासारखें आहे.

जुन्या गांवगाड्यांत या कामासाठीं निराळा मनुष्य लागत नसे. सुतार नांगर करी, लोहार फाळ ठोकून देई, आणि दोघेही ज्याच्यासाठीं हें करीत त्याच्याच गांवांत, दोन आळ्यांपलीकडे राहत. शेतकरी उंच असेल तर रुमणें उंच होई. बैल लहानखुरे असतील तर नांगर त्या मानानें हलका बेतला जाई. नांगर हाताला जड जाऊं लागला तर ती तक्रार दिवेलागणीच्या आंत सुताराच्या अंगणांत पोंचे, आणि तो वाकस घेऊन चार ढलपे उडवी कीं काम झालें. घडविणारा व वापरणारा यांच्यामध्यें अंतरच नव्हतें. म्हणून तें अंतर भरून काढणारा कोणी नव्हता.

ही व्यवस्था सर्वांगीं चांगली होती असें मात्र नव्हे. सुताराला वर्षाकाठीं ठरलेलें बलुतें मिळे. त्यानें नवा घाट काढला आणि तो साधला, तर त्याच्या वांट्यास चार शेर धान्य अधिक येत नसे. फसला, तर लांकूड वायां जाई आणि वर बोल लागे. म्हणून दुरुस्त्या होत, पण नांगराचा मूळ घाट पिढ्यान्‌पिढ्या तोच राही. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांचीं मुळें खोल जातात. लांकडी नांगर चार-सहा बैल जुंपून चालविला तरी तो जमीन चिरतो, उलटवीत नाहीं. मुळें खालीं तशींच राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां वर येतात. ही अडचण गांवच्या सुताराच्या वाकसाबाहेरची होती. तिला लोखंड पाहिजे होतें, भट्टी पाहिजे होती, भांडवल पाहिजे होतें.

लोखंडी नांगर त्या वेळीं जगांत नव्हते असें नाहीं. इंग्लंडांत इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम यानें १८०३ सालीं फाळ ओतण्याची एक युक्ति काढली होती. फाळाची खालची बाजू ओततांनाच एकदम थंड करून कठीण करावयाची आणि वरची मऊ ठेवावयाची. म्हणजे वापरतांना वरची बाजू आधीं झिजते आणि फाळ आपोआप धारदार राहतो. युक्ति नामी होती. या कंपनीचे नांगर हिंदुस्थानांतही येत. परंतु विलायतेंतला नांगर विलायतेंतल्या घोड्यासाठीं व तेथल्या नांगऱ्यासाठीं बेतलेला. त्याला दोन मुठी. दोन्ही हात त्यांवर. आमचा नांगऱ्या एका हातानें रुमणें दाबतो आणि दुसऱ्या हातानें बैल हांकतो. हा दुसरा हात कोठून आणावयाचा? शिवाय नांगर खांद्यावर टाकून शेतांतून घरीं नेतां आला पाहिजे, मोडला तर गांवांत नीट झाला पाहिजे. १८८९ सालीं विलायत सरकारनें डॉ. व्होएल्कर नांवाच्या कृषिरसायनज्ञास इकडील शेतीची पाहणी करण्यास पाठविलें. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा रोंख असा होता कीं, येथील शेतकऱ्यास अडाणी समजणें ही चूक आहे; त्याचीं अवजारें त्याच्या बैलांस, जमिनीस व खिशास धरून आहेत, आणि त्यांत सुधारणा सुचविण्यापूर्वीं तीं तशीं कां आहेत हें समजून घ्यावें. इतकें सरळ सांगणारा परका मनुष्य विरळा.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें या इच्छेनें ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले. कांहीं काळानें असें ध्यानांत आलें कीं, रंगांमधील कांहीं भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाहींत. चित्रकला सुटली, पण यांत्रिक रेखन सुटलें नाहीं. रंग गेले, रेघ राहिली. पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते तेंच रेखन शिकवीत. १८८८ सालीं सायकलींच्या व्यापारानें त्यांच्या धंद्यास आरंभ झाला. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली धाडाव्या आणि वडील बंधु रामूअण्णा यांनीं त्या बेळगांवीं विकाव्या, असा क्रम होता. सायकल विकावयाची आणि तिच्यावर बसावयासही शिकवावयाचें! यांतलें मर्म पुष्कळ कारखानदारांना आजही उमगलेलें नाहीं. नवी वस्तु विकणें हें अर्धें काम; ती माणसाच्या अंगवळणी पाडणें हें उरलेलें अर्धें.

नंतर कडबा कापण्याचें यंत्र झालें, आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार झाला. तयार झाला आणि तसाच पडून राहिला. पहिला नांगर विकण्यास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. ही हकीकत सांगतांना बहुतेक लेखक शेतकऱ्याच्या भोळेपणावर एक स्मित करून पुढें जातात. त्यांनीं अमेरिकेचा इतिहासही वाचावा. न्यू जर्सी प्रांतांतील चार्ल्स न्यूबोल्ड यानें १७९७ सालीं ओतीव लोखंडाचा नांगर काढला, तेव्हां तेथील गोऱ्या, वर्तमानपत्रें वाचणाऱ्या शेतकऱ्यांनींही हेंच म्हटलें: लोखंडानें माती विषारी होते आणि तण माजतें. न्यूबोल्डचा धंदा त्यांतच बसला. सारांश, ही भीति कोण्या एका देशाच्या अज्ञानाची नव्हे. नांगर वाईट निघाला तर कारखानदाराचें एक गिऱ्हाईक जातें. शेतकऱ्याचें वर्ष जातें. ज्याचें वर्ष पणास लागलें आहे त्यानें नव्या हत्याराकडे संशयानें पाहावें, हें शहाणपणाचेंच लक्षण होय.

मग हा संशय फेडावयाचा कसा? व्याख्यानानें तो फिटत नाहीं. येथें त्या कामाची खरी रीत पाहिली पाहिजे. कागदावर आराखडा उतरतो. आराखड्यावरून कसबी सुतार लांकडाचा फर्मा करतो. फर्म्यावरून वाळूंत सांचा उठतो. सांच्यांत बिडाचा रस ओततात. निवालेला तुकडा घासूनपुसून जोडतात आणि शेतांत नेतात. शेतांत गेल्यावर कळतें कीं, कागदावर जें टोंक डौलदार दिसत होतें तें मुरमाला लागतांच तुटतें, कारण बीड ठिसूळ. किंवा टोंक टिकतें, पण नांगर सारखा एका अंगास ओढतो आणि नांगऱ्याचा खांदा भरून येतो. मग पुन्हां कागद, पुन्हां फर्मा, पुन्हां भट्टी. यांतला प्रत्येक फेरा पैसे खातो आणि दिवस खातो, आणि बाहेरून पाहणाराला वाटतें कीं, हा मनुष्य तेंच तेंच करीत बसला आहे. वास्तविक तो तेंच करीत नसतो. प्रत्येक फेऱ्यांत तो नांगऱ्याच्या हातासंबंधीं एक नवी गोष्ट शिकलेला असतो. झिजणारा भाग निराळा करावा, म्हणजे सबंध नांगर टाकावा लागणार नाहीं. तो बसविणें-काढणें शेतकऱ्यास बांधावरच जमावें. चाकें-खिळे असे असावेत कीं अंधारांत चांचपूनही हातीं यावेत. असले निर्णय वर्गांत शिकवून येत नाहींत. ते बांधावर उकिडवें बसून येतात.

दोन वर्षें न विकलेला माल घेऊन कारखाना चालविणारास सर्वांत अधिक कशाची गरज असते? स्तुतीची नव्हे. त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि घाई न करणारा पाठीराखा लागतो. लक्ष्मणरावांची तर जागाच गेली. बेळगांव नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडण्यास सांगितलें, आणि उभा केलेला धंदा रस्त्यावर येण्याची वेळ आली. त्या वेळीं औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि पुढें आले. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि कर्जाचीही सोय केली. मार्च १९१० मध्यें तेथें वसाहतीचा आरंभ झाला. जमीन म्हणजे निवडुंगाचा माळ; सापांची वस्ती मोठी, पाण्याची ओढ. पण स्टेशन हाताशीं होतें, आणि चारी दिशांस नांगर धरणारे शेतकरी होते.

औंध हें गांव सातारा जिल्ह्यांत खटाव तालुक्यांत आहे. संस्थान लहान, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलें. कुंडलचा तुकडा आज सांगली जिल्ह्यांत येतो. हा जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. किर्लोस्करवाडी ही अशी दोन्ही जिल्ह्यांची आहे: आधार साताऱ्याकडचा, भूमि सांगलीची. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा त्यांनीं केलेला प्रसार पुष्कळांस ठाऊक आहे. औंधचें चित्रसंग्रहालयही त्यांचेंच. ज्यानें स्वतः हातीं कुंचला धरला आहे, त्याला कागद फाडून पुन्हां काढण्यांत लाज नाहीं हें ठाऊक असतें. असा पाठीराखा आराखडा करणाराच्या मागें लागून ‘अजून झालें कसें नाहीं’ असें विचारीत नाहीं. मोठ्या संस्थानिकांनीं कारखान्यांना याहून अधिक पैसा दिल्याचीं उदाहरणें निघतील. पण पैसा देऊन नंतर ढवळाढवळ न करणें ही देणगी पैशाहून दुर्मिळ आहे.

दुसरा आधार सहकाऱ्यांचा. रामूअण्णांनीं वसाहतीची आंखणी व कारभार पाहिला. शंभोराव जांभेकर यंत्रें सांभाळीत. मंगेशराव रेगे जमाखर्च व पत्रव्यवहार बघत. अनंतराव फळणीकर शाळेच्या दृष्टीनें अपुरे राहिलेले, पण कल्पक. यांपैकीं प्रत्येकानें एक ओझें उचललें म्हणून लक्ष्मणरावांस आराखड्याच्या फळीपाशीं उभें राहतां आलें. ज्याचें काम पाहणें आणि रेखणें आहे, त्याच्याकडून दिवसभर खर्डेघाशी करवून घ्यावयाची आणि संध्याकाळीं त्यास नवी कल्पना मागावयाची, हा प्रकार पुष्कळ ठिकाणीं चालतो. किर्लोस्करवाडीस तो चालला असता तर नांगर तेथेंच रुतला असता.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. विलायती नांगर येईनात, त्यामुळें देशी नांगरास एकाएकीं मागणी आली. पण त्याच युद्धामुळें लोखंड आणि कोळसाही मिळेना. ज्याला दोन वर्षें गिऱ्हाईक नव्हतें त्याच्याकडे आतां गिऱ्हाईक होतें आणि माल नव्हता! त्या वेळीं कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं जुन्या तोफा वितळविण्यासाठीं दिल्या. तोफांचे नांगर झाले, या गोष्टीचें कवींना अतोनात आकर्षण वाटेल. पण तींतला साधा अर्थही ध्यानांत घेण्याजोगा आहे: कारागिरास जो कच्चा माल हवा तोच दिला गेला, आणि हवा तेव्हां दिला गेला.

आतां मूळ प्रश्न. गांवचा सुतार आणि शेतकरी यांच्यामध्यें दोन आळ्यांचें अंतर होतें. किर्लोस्करवाडीचा कारखाना आणि त्याचा नांगर धरणारा शेतकरी यांच्यामध्यें दोनशें मैलांचें पडलें. फाळ तुटला तर शेतकरी कोणाला सांगणार? फार तर तो नांगर गोठ्याच्या मागें टाकून देईल आणि पुन्हां लांकडाकडे वळेल. कारखान्याच्या वहींत तो नांगर ‘विकला गेला’ म्हणूनच राहील. विक्रीचा आंकडा हा अशा रीतीनें फसवा असतो. वस्तु घेतली गेली एवढेंच तो सांगतो. ती वापरली गेली कीं नाहीं हें सांगत नाहीं. तक्रारीला परत येण्याची वाट हवी, आणि ती वाट मुद्दाम बांधावी लागते.

ही वाट माणसांची होती. गांवोगांव हिंडून नांगर विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांत एक तरुण होता, ज्याचें नांव पुढें महाराष्ट्राच्या घरोघरीं झालें: भाऊराव पायगोंडा पाटील. रयत शिक्षण संस्था स्थापण्यापूर्वीं भाऊरावांनीं ओगल्यांच्या कांच कारखान्याचा माल विकला, तसे किर्लोस्करांचे नांगरही विकले. पुढें धनजीशहा कूपर यांच्या कारखान्याशींही त्यांचा निकट संबंध आला. हा नांगरांचा कारखाना १९२२ सालीं सातारा रोड येथें निघाला, आणि सातारा जिल्ह्यालाही स्वतःचा नांगर मिळाला. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या घोंगडीवर जेवून, त्याच्याच भाषेंत बोलणारा विक्रेता हा कारखान्याचा कान असतो. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था निघाली, तिच्या मुळाशीं या भटकंतींत पाहिलेलें खेडें नसेल असें म्हणवत नाहीं.

दुसरी वाट कागदाची. १९२० सालीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलें. शंकरराव स्वतः चित्रकार. कारखान्याच्या मालाची व त्याच्या वापराची माहिती गिऱ्हाइकांस आणि अडत्यांस पोंचवावी, हा त्याचा आरंभींचा हेतु होता. लवकरच तें वाढलें, त्याचें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें, त्याच्या पाठोपाठ १९३० सालीं ‘स्त्री’ निघालें, आणि मराठी वाङ्मयाचा त्यांत मोठा लाभ झाला. नांगरासंबंधींच्या पत्रांचें पुढें काय झालें, हें वाङ्मयाचे इतिहासकार सांगत नाहींत. त्यांना तो विषयच वाटत नाहीं.

प्रत्येक धंद्यांत असें अंतर पडलें असें मात्र नाहीं. किर्लोस्करवाडीहून त्याच रेल्वेनें थोडें पुढें गेलें कीं मिरज लागतें. तेथें सतारी आणि तंबोरे करणारांची एक गल्लीच आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार व पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तरवारींचें काम सरत आलें, तेव्हां फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनीं तेच हात वाद्यांकडे वळविले. येथें घडविणारा आणि वापरणारा आजही समोरासमोर बसतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित्‌ घासून जवारी काढतात. तारेखालीं सुताचा धागा सरकवून नाद उघडतात. केवढें घासावें याचें माप कोठेंही लिहिलेलें नाहीं. गवय्याचा आवाज ढाला आहे कीं पातळ, तो कोणत्या पट्टींत गातो, हें ऐकून कारागीर कानस फिरवितो, तार छेडतो, गवय्याच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि पुन्हां कानस उचलतो. अब्दुल करीमखांसाहेबांसारखे गवई मिरजेस राहिले, तेव्हां गल्लीला गिऱ्हाईक मिळालें आणि परीक्षकही मिळाला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. पण या कारागिराचा खरा आधार म्हणजे समोर बसून ‘अजून थोडें’ म्हणणारा गवई. तो उठून गेला तर मानांकनाचा कागद कानस फिरविणार नाहीं.

एक तंबोरा एका गळ्यासाठीं घडतो. नांगर हजारों हातांसाठीं. मोबाइलचा पडदा तर कोट्यवधि बोटांसाठीं. अंतर वाढत गेलें तसें मधल्या माणसाचें काम कठीण होत गेलें आणि त्याला निराळें नांव मिळालें. गंमत अशी कीं, त्याची रीत बदलली नाहीं. संगणकास हातानें इशारा करण्याचा जो ‘माउस’, त्याचा पहिला नमुना अमेरिकेंत डग्लस एंगेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेंत १९६४ सालीं झाला, तो लांकडाचा होता. म्हणजे तेथेंही आरंभ फर्म्यापासूनच! भारतांत अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालीं निघाली. तिच्या पूर्वीं, १९५८ सालीं, चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यांत नमुना म्हणून गौरविलेली वस्तु कोणती? आपला रोजचा लोटा. तो काखेंत कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो, हात आंत जाऊन घांसतां येतो कीं नाहीं, असे प्रश्न त्यांनीं विचारले. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं औद्योगिक रचनेचें केंद्र निघालें, आणि हें शास्त्र मराठी मुलखांत रीतसर शिकविलें जाऊं लागलें.

या शास्त्राच्या पदवीधरांची एक तक्रार ऐकूं येते, आणि ती रास्त आहे. यंत्राचें सर्व काम आधीं पुरें करावयाचें आणि मग डिझायनरास बोलावून ‘जरा छान दिसेल असें करून द्या’ म्हणावयाचें, अशी कित्येक कचेऱ्यांची चाल आहे. घर बांधून झाल्यावर गवंड्याला दरवाजा कोठें ठेवूं म्हणून विचारावें, तसें हें. रंग देणें म्हणजे रचना नव्हे. ज्याला रंगच नीट कळत नव्हते तो मनुष्य या मुलखांतला पहिल्या प्रतीचा रचनाकार झाला, हें अशा कचेऱ्यांच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

त्याच मुलखांत त्याच शेतकऱ्याच्या हातीं आतां नवें हत्यार आलें आहे. पिकाची नोंद पूर्वीं तलाठी करी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र सरकारनें ई-पीक पाहणीची योजना राज्यभर लागू केली. शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून मोबाइलवर पिकाचें नांव व क्षेत्र भरावें, छायाचित्र काढावें आणि धाडावें. सात-बाराच्या उताऱ्यावर पीक काय लागतें, यावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई अवलंबून. म्हणून येथेंही नोंद चुकली तर जातें तें वर्षच. पहिल्याच हंगामांत तक्रारी आल्या: रेंज मिळत नाहीं, पडदा अडकून राहतो, चुकीचें पीक भरलें गेलें तर तें पुसावयाचें कसें? १९०३ च्या नांगराप्रमाणेंच याही वेळीं कांहीं शहाण्यांनीं शेतकऱ्यास अडाणी म्हटलें. परंतु तक्रारीला वाट होती. १ ऑगस्ट २०२२ पासून सुधारलेली दुसरी आवृत्ति आली, आणि तींत भरलेली नोंद ४८ तासांच्या आंत शेतकऱ्यास स्वतः दुरुस्त करण्याची सोय झाली. सुताराच्या अंगणांतले चार ढलपे ते हेच.

काम अर्थातच संपलेलें नाहीं. जत आणि आटपाडीच्या माळावर भाद्रपदांतल्या दुपारीं मोबाइलचा पडदा उन्हांत आरशासारखा चमकतो, त्यावरची फिकी अक्षरें दिसत नाहींत. साठी उलटलेल्या शेतकऱ्याच्या अंगठ्याची कातडी भेगाळलेली आणि घट्ट असते. कांचेला तो स्पर्श कळत नाहीं, मग तो पुन्हां दाबतो, आणि तिसऱ्या वेळीं भलतेंच बटण दबतें. पाटणकडच्या डोंगरांत छायाचित्र निघतें, पण तें धाडण्यासाठीं दोन मैल खालीं रस्त्यावर यावें लागतें. या गोष्टी पुण्यामुंबईच्या कचेरींत पंख्याखालीं बसून कोणास सुचणार नाहींत, आणि त्या न सुचणें हा त्या मुलांचा दोष नव्हे. त्यांना पिकाच्या हंगामांत आठ-पंधरा दिवस एस. टी. चें भाडें आणि भाकरीची सोय करून देऊन जतच्या एखाद्या बांधावर पाठवावें, त्यांच्याकडून त्या दिवसांचा हिशेब मागूं नये, आणि परत आल्यावर त्यांनीं सबंध पडदा मोडून पुन्हां मांडूं म्हटलें तर तेवढा वेळ त्यांस द्यावा.